सेवा कोणाच्या घड्याळावर चालते?

(अमरावती येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



स्मृतिव्याख्यानाला उभं राहणाऱ्याने भारदस्त विषय घ्यावा अशी आपल्याकडे रीत आहे. मी निवडलेल्या विषयाची उंची जेमतेम तीन फूट आहे. सहा वर्षांखालची लेकरं, त्यांची घरं, आणि त्या घरांना वेळेवर मिळणारी किंवा न मिळणारी मदत याबद्दल मी बोलणार आहे.

हा विषय अमरावतीत काढायला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण ताराबाई मोडक. मुंबईत पदवी घेतलेली ही तरुणी लग्नानंतर अमरावतीत आली. त्यांचे पती कृष्णा मोडक हे इथले नामांकित वकील. तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथून १९२३ साली भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांकडे. पुढचा इतिहास महाराष्ट्राला माहीत आहे. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ, १९४५ साली बोर्डी, १९५७ पासून कोसबाड, आणि बोर्डीपासून पुढे अनुताई वाघांची साथ. अमरावतीने मात्र त्यांची आठवण फारशी ठेवलेली नाही.

दुसरं कारण धारणी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात सबंध देशात ३३ प्रकल्प होते. महाराष्ट्रातून शहरी भागासाठी मुंबईची धारावी निवडली गेली आणि आदिवासी भागासाठी आपल्या जिल्ह्यातली, मेळघाटातली धारणी. म्हणजे अंगणवाडी नावाची सरकारी व्यवस्था राज्यात पहिल्यांदा ज्या मातीवर उभी राहिली, त्यातली एक माती मेळघाटची आहे. आणि पुढे कुपोषणाने मुलं दगावल्याच्या बातम्या देशभर पोचल्या त्याही याच मेळघाटातून. ज्या ठिकाणी सेवा सर्वांत आधी आली त्याच ठिकाणी असं का व्हावं, हा प्रश्न टाळून या विषयावर बोलता येणार नाही.

अंगणात गेलेली शाळा

बोर्डीला ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडी काढली, तेव्हा वस्तीतली गरीब घरांची मुलं तिथे येईनात. त्यावर दोन उपाय संभवत होते. आईबापांना शिक्षणाचं महत्त्व पटवून द्यायचं, सभा घ्यायच्या, आलेल्यांना खाऊ वाटायचा, हा एक. दुसरा उपाय म्हणजे बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात न्यायची. त्यांनी दुसरा पत्करला. अंगणात पोरं होतीच, त्यांना कुठे आणावं लागलं नाही. आईला झाडलोट करता करता दिसायचं की पोर काय करतंय. आंघोळ, नखं, केस, गाणी, गोष्टी, सगळं तिथेच.

कोसबाडच्या टेकडीवर वारली पोरं गुरं घेऊन रानात जायची. गुरं सोडून शाळेत या, असं सांगण्यात अर्थ नव्हता, कारण गुरं राखणं हा त्या घराच्या पोटाचा भाग होता. मग शाळा कुरणात गेली. तिलाच कुरणशाळा म्हणतात. थोरल्या मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटं भावंड असे. त्यावर विकासवाडी निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. एक घर संपूर्णपणे त्या आवारात सामावलं.

या तिन्ही प्रयोगांत एकच तत्त्व आहे. मूल आलं नाही, तर सेवेची जागा चुकली असेल किंवा वेळ चुकली असेल, हे आधी तपासायचं. घराला दोष नंतर. आजच्या व्याख्यानात मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. वऱ्हाडात लेकरांसाठीच्या योजनांचा तुटवडा नाही. पण बहुतेक सेवा कचेरीच्या घड्याळावर चालतात, आणि लहान लेकराचं घर शेतीच्या, मजुरीच्या आणि हंगामाच्या घड्याळावर चालतं. ही दोन घड्याळं जिथे जुळली तिथे मुलं वाचली आणि वाढली. जिथे जुळली नाहीत तिथे पैसा खर्च झाला, रजिस्टरं भरली, आणि लेकरू होतं तिथेच राहिलं.

धारणीनंतरची पन्नास वर्षं

१९७५ च्या योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. कागदावर यात उणं काढायला जागा नाही. गर्भवती, स्तनदा आणि सहा वर्षांपर्यंतचं मूल यांचा एकत्र विचार करणारी इतकी मोठी व्यवस्था जगात क्वचितच कुठे असेल.

पण १९९३ साली आणि पुन्हा काही वर्षांनी मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. उच्च न्यायालयात याचिका झाल्या. १९९५ साली नवसंजीवन योजना आली. पुण्याच्या 'मैत्री'सारख्या संस्थांचे कार्यकर्ते पावसाळ्यात इथे मुक्कामाला येऊ लागले, कारण मेळघाटात मुलं पावसाळ्यात जास्त दगावतात. साठवलेलं धान्य संपत आलेलं असतं, शेतीची कामं ऐन भरात असतात, नाले भरून वाहतात, रस्ते तुटतात, आणि नेमक्या त्याच वेळी हगवण, निमोनिया, मलेरिया येतो. हे हंगामाचं घड्याळ. २००१ साली डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला आणि सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्षातले बालमृत्यू किती अधिक आहेत ते राज्यासमोर मांडलं गेलं. त्यानंतर पुष्कळ काम झालं. बालमृत्यू कमी झाले, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

वाढीचं चित्र तितकं बरं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, हे प्रमाण ३५.२ टक्के निघालं. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं दोन्ही वेळा २५.६ टक्केच. लेकरं जगू लागली, पण वाढेनात. जगवण्यासाठी औषध लागतं, डॉक्टर लागतो. वाढवण्यासाठी दिवसातून पाच-सहा वेळा कोणीतरी शेजारी बसून भरवावं लागतं, बोलावं लागतं, खेळवावं लागतं. त्यासाठी माणूस लागतो आणि त्या माणसापाशी वेळ लागतो. आपल्या योजनांनी तांदूळ मोजला, अंडी मोजली, गोळ्या मोजल्या. आईचे तास कोणी मोजले नाहीत.

घरात येणारी बाई

घड्याळ जुळलं की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची काळजी घरात नेली. आदिवासी भागात प्रथेप्रमाणे बाळंतीण घरातच असते, बाहेर पडत नाही. मग तिला दवाखान्यात बोलावण्याऐवजी गावातल्याच बाईला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, अंगाचं तापमान बघायचं, मिनिटभर श्वास मोजायचे आणि ते साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका ओळखायचा. बाळाला उबेत ठेवायचं, अंगावर पाजण्यात अडचण असेल तर मदत करायची, जंतुसंसर्ग असेल तर उपचार करायचा. १९९९ च्या डिसेंबरात हे काम 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. प्रयोगाच्या ३९ गावांतले नवजात मृत्यू ताडून पाहण्यासाठी निवडलेल्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

पुढे २०११ पासून हीच पद्धत देशभर आशाताईंच्या हाती आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. २०१८ पासून त्यात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटींची भर पडली. हे वेळापत्रक नीट पाहा. त्यात वार नाही, तारीख नाही, मार्चएंड नाही. मोजणी बाळाच्या जन्मापासून सुरू होते. सरकारी व्यवस्थेत बाळाच्या वयाप्रमाणे चालणारं असं वेळापत्रक फार थोड्या ठिकाणी सापडतं, आणि जिथे ते पाळलं जातं तिथे त्याचं फळ दिसतं.

धारणी तालुक्यात उतावलीला डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांच्या 'महान' संस्थेने गावातल्या बायांनाच शिकवून घरोघरी बालउपचार उभे केले, आणि तीव्र कुपोषित मुलांसाठी गावातच बायांच्या हाताने तयार होणारं पोषक अन्न वापरलं. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे कित्येक वर्षं राहिले, गावातलेच होऊन. या सगळ्यांचं गमक एकच. ज्या घरासाठी काम करायचं, त्या घराच्या हाकेच्या अंतरावर त्यांनी आपलं काम नेऊन ठेवलं.

चौदा दिवस

आता जुळत नाही त्याचं उदाहरण.

अंगणवाडीत सेविका लेकराचा दंडघेर मोजते. डाव्या हाताच्या खांद्यापासून कोपरापर्यंतचं अंतर घ्यायचं, बरोबर मध्यावर खूण करायची, आणि तिथे रंगीत पट्टी फार आवळू न देता, फार सैल न सोडता गुंडाळायची. हिरवा रंग म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे ११.५ ते १२.५ सेंटिमीटर, मध्यम कुपोषण. लाल म्हणजे ११.५ च्या खाली, तीव्र. मग दोन्ही पायांवर अंगठा दाबून काही क्षण धरायचा. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला तर अंगात पाणी साठलंय, आणि पट्टी काहीही सांगो, प्रकरण गंभीर आहे. दोन मिनिटांचं काम. पट्टीची किंमत नगण्य. सेविकेचं बोट मात्र जाणतं असावं लागतं.

पट्टी लाल निघाली, वर आजारपणही असेल, तर लेकराला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचं. तिथे साधारण चौदा दिवस राहायचं. डॉक्टर असतात, औषधोपचार असतो, मोजून आहार दिला जातो, आईला बुडीत मजुरीही मिळते. व्यवस्था चांगली आहे. आणि तरीही आई म्हणते, "चवदा दिस मी तठी राह्यली तं घरच्या दोघायले कोन पाह्यते? अन् सोयाबीन का वावरात उभंच ठेवू?"

या वाक्यावर आपण शहरी माणसं अडाणीपणाचा शिक्का मारतो. मला त्यात चोख हिशेब दिसतो. घरात आणखी दोन लेकरं आहेत, सासू डोळ्यांनी अधू आहे, नवरा सोंगणीच्या कामावर आहे. हंगामातली रोजी आत्ताच मिळते, पौषात कोणी विचारत नाही. एका लेकराला वाचवताना बाकीचं घर सुटू नये, एवढाच तिचा विचार आहे. बुडीत मजुरी तिच्या रोजीची भरपाई करते. घरच्या दोघांच्या जेवणाची, त्यांना शाळेत धाडण्याची, बकरीच्या चाऱ्याची सोय त्यात नाही.

ज्या लेकराला भूक लागते आणि दुसरा आजार नाही, त्याच्यावर गावातच उपचार होऊ शकतात. ग्राम बालविकास केंद्रं याच विचाराने निघाली. अंगणवाडीतच दिवसातून अनेकदा थोडं थोडं भरवायचं. लेकरू गावात, आई घरी. मेळघाटसारख्या भागात २०१५ पासून गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण देणारी अमृत आहार योजना आली, तीही योग्य दिशेची. पण अंगणवाडी दुपारी बंद होते. आणि दुपारनंतर लेकरू कोणाकडे असतं, हा प्रश्न कोणत्याच योजनेच्या रकान्यात नाही.

त्याचा बाप बी उशिराच बोल्ला होता

लवकर मदतीचा दुसरा भाग अपंगत्वाचा आहे. इथे उशीर झाला की तो भरून निघत नाही.

एखादं बाळ पाय आत वळलेलं जन्मतं. जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू केले, तर बहुतेक वेळा मोठी शस्त्रक्रिया न करता पाय सरळ होतो. दर आठवड्याला पाय थोडा थोडा वळवून प्लास्टर बदलायचं, असं पाच-सहा वेळा. नंतर विशेष बूट, आधी जवळजवळ दिवसभर आणि मग चार वर्षांचं होईस्तोवर रात्री झोपताना. ऐकू न येणाऱ्या बाळाचं तसंच. सहा महिन्यांच्या आत कळलं आणि यंत्र बसलं तर ते बोलायला शिकतं. तीन-चार वर्षांनी कळलं तर मेंदूची ती वेळ बऱ्याच अंशी निघून गेलेली असते. घरात मात्र आजी म्हणत असते, "बोलीन नं व माय, याचा बाप बी उशिराच बोल्ला होता." आजीचं म्हणणं दहातल्या काही मुलांच्या बाबतीत खरंही असतं. कोणत्या मुलांच्या बाबतीत नाही, हे सांगायला जाणतं माणूस दारापर्यंत यायला हवं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. डॉक्टरांचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं, तीस प्रकारचे आजार आणि दोष तपासतं. सापडलेल्या मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र निदान व उपचार केंद्र. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, सगळे एका छपराखाली. कल्पना उत्तमच आहे.

आता धारणीच्या पुढच्या एखाद्या ढाण्यातून, म्हणजे पाड्यातून, अमरावतीला यायचं म्हणजे काय ते पाहा. सेमाडोहचा घाट, परतवाडा, मग अमरावती, एकूण दीडशे किलोमीटरच्या आसपास. एसटी गावात येतेच असं नाही. दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं तर दर आठवड्याला दोन रोजी बुडतात, आईची आणि सोबत येणाऱ्या माणसाची. पहिल्या आठवड्यात येतात, दुसऱ्या आठवड्यात येतात, तिसऱ्या आठवड्यात वेचणी असते. कागदावर शेरा पडतो: पालकांचा प्रतिसाद नाही. अकोल्यातही वेगळं चित्र नाही. तेल्हारा, पातूर, बार्शीटाकळीची बाई लेडी हार्डिंग किंवा सर्वोपचार रुग्णालयात एकदा येते, चिठ्ठी घेते आणि परत जाते. लेकराच्या हातापायाला आठवड्यातून दोनदा व्यायाम लागतो. तो व्यायाम घरी कसा द्यायचा, हे तिला कोणी हाताला हात लावून शिकवलं असतं, तर ती चिठ्ठी सार्थकी लागली असती.

वेळेवर मदत न मिळालेल्या घरांपैकी काही घरं पार मोडतात. त्याचं टोक पाहायचं असेल तर अचलपूर तालुक्यात वझ्झरला जावं. शंकरबाबा पापळकरांनी तिथे मतिमंद, मूकबधिर, अंध अशा शंभरावर बेवारस मुलांना आपलं नाव दिलं. बसस्थानकांवर, रेल्वेस्थानकांवर, कचराकुंडीजवळ सापडलेली ही मुलं. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांना आश्रमाबाहेर काढू नये, यासाठी बाबा आयुष्यभर भांडले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण वझ्झरच्या प्रत्येक मुलामागे कुठेतरी एक घर होतं, आणि त्या घरात कोणीतरी एकटं पडलं होतं. अपंग बाळ झाल्यावर पहिल्या महिन्यात त्या आईशेजारी कोण बसलं, तिला कोण काय म्हणालं, यावर पुढचं बरंच ठरतं. शंकरबाबांचा गौरव करणाऱ्या समाजाने आणखी वझ्झर उभी करावी लागू नयेत, याची सोयही केली पाहिजे.

धुऱ्यावरची झोळी

आपल्या देशात २०१७ पासून संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. चांगला कायदा आहे. अमरावतीच्या बँकेतली लेखनिक त्याचा लाभ घेते, घेतलाच पाहिजे. त्याच बँकेचं पीककर्ज ज्या वावरात जातं तिथे निंदायला येणारी बाई दोन महिन्यांचं बाळ धुऱ्यावरच्या बाभळीला झोळीत टांगते आणि ओळीला लागते. मधून मधून कान देते. बाळ रडलं तर ओळ सोडून जाते, आणि ओळ मागे पडली म्हणून बोलणी खाते. अकोल्याच्या डाळमिलमध्ये, जिनिंगमध्ये, इमारतीच्या बांधकामावर झोळीची जागा बदलते, गोष्ट तीच राहते. बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याला वरचं अन्न सुरू व्हायला हवं, मऊ, दाट, दिवसातून अनेकदा. सकाळी आठला घर सोडून सहाला परतणारी आई ते कधी भरवणार? सात-आठ वर्षांची थोरली बहीण भरवते, किंवा कुरकुऱ्यांचं पाकीट भरवतं.

रोजगार हमीचा पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९७७ चा. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीतही तरतूद आली: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. ही तरतूद वाचून मला नेहमी वाटतं की लिहिणाऱ्याने कधीतरी धुऱ्यावरची झोळी पाहिली असणार. अमलात आणणाऱ्यांनी ती पाहिली नाही.

स्थलांतराने हा पेच आणखी घट्ट होतो. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर खाली उतरतात. परतवाडा, अमरावती, अकोला, वीटभट्ट्या, हरभऱ्याची सोंगणी, कापसाची वेचणी. होळीला सगळे गावी परततात, कारण होळीसारखा दुसरा सण कोरकूंना नाही, आणि मग पुन्हा उतरतात. लेकराचं नाव धारणीच्या अंगणवाडीत आणि लेकरू अकोट तालुक्यातल्या भट्टीवर. शासनाने २०२१ च्या सुमारास अशा कुटुंबांचा माग ठेवणारी संगणकीय यंत्रणा सुरू केली, आपल्या जिल्ह्याचाही त्यात समावेश होता. पण यंत्रणेला कळल्याने भरवणारा हात मिळत नाही. भट्टीजवळच्या अंगणवाडीची सेविका त्या लेकराला आपलं म्हणेल आणि त्याच्या आईशी तिला बोलता येईल, तेव्हा तो मिळेल.

बोलता येणं ही यात लहान गोष्ट नाही. कोरकू ही मुंडा कुळातली, संताळीच्या नात्यातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली केलपाणी, गुल्लरघाटसारखी गावं अकोट तालुक्याच्या पायथ्याशी आणून वसवली, तेव्हा माणसांबरोबर त्यांची भाषाही जिल्हा ओलांडून आली. घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. तीन वर्षांचं पोर या तिन्हींच्या मधे गप्प बसतं आणि आपण त्याच्या नावापुढे 'बोलण्यात मागे' असं लिहितो.

सेविकेचंही घड्याळ

तुम्ही म्हणाल, हे सगळं बिचाऱ्या अंगणवाडी सेविकेच्याच डोक्यावर टाकणार का? प्रश्न रास्त आहे. तिला पगार नाही, मानधन मिळतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. २०२१ साली निकृष्ट मोबाइल राज्यभरातल्या सेविकांनी शासनाला परत केले. डिसेंबर २०२३ मध्ये त्या मोठ्या संपावर गेल्या. तिच्या दिवसातला किती भाग ॲपमध्ये माहिती भरण्यात, फोटो चढवण्यात, निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामात जातो हे तिलाच विचारा. दंडघेराची पट्टी दोन मिनिटांत लागते, पण तिची नोंद नेटवर्कच्या मर्जीवर असते. तिने घरी जाऊन आईशी अर्धा तास बोलावं अशी अपेक्षा असेल, तर तो अर्धा तास तिच्या दिवसातून मोकळा करून द्यावा लागेल. दुपारनंतर पाळणा चालवायचा असेल तर त्यासाठी वेगळी बाई, वेगळा पगार हवा.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा असतो. आमच्या आज्यांनी आठ-आठ लेकरं वाढवली, तेव्हा कुठे होत्या या सेवा? खरं आहे. पण त्या आज्यांना एकांतात विचारलं तर त्या आणखी दोन-तीन नावं सांगतात, जी घरात कोणी घेत नाही. शिवाय तेव्हा घरात चुलती होती, नणंद होती, म्हातारी होती. आज भट्टीवरच्या झोपडीत नवरा-बायको दोघंच असतात. समाजाने जे काम मुकाट्याने केलं ते आता पंचायतीने ठरवून केलं पाहिजे.

आणि बाप? लेकराच्या सेवांची सगळी भाषा आईला उद्देशून असते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफसोबत उभ्या केलेल्या 'आरंभ' उपक्रमात, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातही, पालक मेळावे भरवले गेले. घरातल्याच वाटी, चमचा, कपड्याच्या चिंध्यांनी लेकराशी कसं खेळायचं ते तिथे दाखवतात. असा मेळावा संध्याकाळी घेतला तर बापही येतात, आणि लेकराशी काय बोलायचं हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

आपल्या हातात काय आहे

मुंबई-दिल्लीकडे बोट दाखवून मी व्याख्यान संपवणार नाही. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत आज करता येतील अशा चार गोष्टी मांडतो.

पहिली. जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्रातले फिजिओथेरपिस्ट आणि वाचातज्ज्ञ यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला बसावं. धारणी, चिखलदरा, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर. बाजाराला घर येतंच. त्यासाठी वेगळी रोजी बुडत नाही, सोबतीला माणूस असतोच, परतीची गाडी ठरलेली असते. प्लास्टर बदलणं आणि व्यायाम शिकवणं याला मोठी इमारत लागत नाही.

दुसरी. निंदणापासून वेचणीपर्यंतच्या महिन्यांत गावोगाव हंगामी पाळणा चालावा, सकाळी बाया वावरात निघण्याआधी उघडणारा आणि त्या परतल्यावर बंद होणारा. पैसा कुठून आणायचा? ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मेळघाटातल्या, आदिवासी क्षेत्रासाठीच्या पेसा कायद्याखाली येणाऱ्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधीही थेट मिळतो. हा पैसा शिलाई मशीन, सतरंज्या आणि सत्कारात जातो. दोन बायांचा पगार, चार झोळ्या, एक चूल आणि शेंगदाण्याचं पोतं एवढ्यावर गावाचा पाळणा उभा राहतो.

तिसरी. चौदा दिवस भरती झालेल्या लेकराच्या घरची जबाबदारी गावाने घ्यावी. आई दवाखान्यात असेपर्यंत घरच्या बाकीच्या मुलांचं दोन वेळचं जेवण अंगणवाडीत किंवा बचत गटाकडे. एवढी हमी मिळाली तर ती जायला तयार होते.

चौथी. मेळघाटात आणि अकोटच्या पायथ्याच्या पुनर्वसित गावांत नेमणूक करताना कोरकू बोलणाऱ्या बाईला पहिला मान द्यावा, आणि भट्टी-हंगामात जिथे कोरकू कुटुंबं उतरतात तिथेही तशी एक बाई चार महिने ठेवावी.

यातली एकही गोष्ट नव्या कायद्याची वाट पाहत नाही. या सभागृहात सरपंच आहेत, जिल्हा परिषदेचे सदस्य आहेत, शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत. येत्या १५ ऑगस्टला तुमच्या गावात ग्रामसभा होईल. त्या दिवशी दोन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी महिला-बालकल्याणाचे १० टक्के कशावर खर्च झाले? आणि आपल्या गावातली तीन वर्षांखालची लेकरं सकाळी आठ ते संध्याकाळी सहा कोणाजवळ असतात? पहिल्याचं उत्तर ग्रामसेवक कागद पाहून देतील. दुसऱ्याचं उत्तर द्यायला सभेतल्या बायांना उभं राहावं लागेल. त्यांचं बोलणं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याच बैठकीत हंगामी पाळण्याचा ठराव मांडा. सूचक म्हणून कोणाचंही नाव चालेल. अनुमोदक मात्र ती निंदायला जाणारी बाई असू द्या.